वऱ्हाडातील ब्रिटिशकालीन गृहरचना

हैदराबादच्या निजामाशी १८५३ मध्ये झालेल्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. तेव्हापासून १९४७ पर्यंत अमरावती व अकोला येथे जी घरे बांधली गेली, त्यांत येथील वाडा आणि इंग्रज अंमलदाराचा बंगला या दोन प्रकारांचा परस्परांवरील परिणाम दिसून येतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारख्या देशांत युरोपीय वसाहतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राहण्यासाठी घरे बांधली. वऱ्हाडात मात्र ते स्थायिक झालेच नाहीत. अंमलदार बदलून जाई, बंगला तेथेच राही. म्हणून तो कोणा कुटुंबाचे घर नसून एका पदाचे निवासस्थान होते.

पूर्वीची घरबांधणी बव्हंशी जमिनीने ठरविली होती. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते. साहजिकच गाव ‘पांढरी’वर वसे आणि भिंतीही त्याच पांढऱ्या मातीच्या असत. गावोगावच्या गढ्यांची जाडजूड बांधणीही याच मातीची होती. तुळयांवर मातीचा जाड थर देऊन सपाट धाबे करीत. संपन्न वाड्यांत मेळघाटचे सागवान वापरले जाई. मधोमध चौक, भोवती ओसरी आणि रस्त्याच्या बाजूस फार थोड्या खिडक्या असत. अमरावतीची व्यापारी पेठ पेंढाऱ्यांच्या भयाने परकोटाच्या आत दाटीने वसली होती; या परकोटाचे बांधकाम निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये सुरू झाले.

इंग्रजांनी आपली वसाहत परकोटाबाहेर मोकळ्या जागेत केली. तो भाग ‘कॅम्प’ म्हणून ओळखला जातो. बंगल्याची रचना वाड्याच्या नेमकी उलट होती. वाड्यात मोकळी जागा घराच्या पोटात असे, बंगल्यात ती घराभोवती. उंच जोते, रुंद व्हरांडा, उंच छत, दारांना वाळ्याचे ताटे आणि मागे नोकरांच्या खोल्या व वेगळे स्वयंपाकघर असा त्याचा थाट असे. वास्तविक ‘बंगला’ हा शब्दच बंगालवरून आला असून, त्याचे मूळ तेथील झोपडीवजा घरात आहे. उन्हाळ्यात अंमलदार चिखलदऱ्यास जात.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोहोचला. वऱ्हाडात पैसा खेळू लागला. मंगलोरी कौले व लोखंडी तुळया दूरवरून आणणे सुकर झाले. व्यापारी, वकील व जमीनदार यांनी रस्त्याच्या दर्शनी बाजूस व्हरांडा, कमानी व काचेची तावदाने आणली. आत मात्र चौक, देवघर व सोवळ्याचे स्वयंपाकघर पूर्वीसारखेच ठेवले. प्रस्तुत लेखकाच्या मते या काळातील खरी नवी वास्तुरचना हीच होय. बंगला हा त्या मानाने साचेबंद प्रकार होता. कौलांचा बदल मात्र सर्वस्वी लाभाचा नव्हता. वैशाखात अकोल्याचे तापमान ४५° से.च्या वर जाते. अशा वेळी धाब्याखाली गारवा राही, तर कौलांखाली छताला फळ्या किंवा कापड लावावे लागे.

सरकारी बंगल्यांची देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिल्याने त्यांपैकी अनेक टिकले. वाड्यांना हा आधार नव्हता. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते व भिंती लिंपाव्या लागतात. एकत्र कुटुंबे विभागली तसे हे काम खोळंबले, आणि अनेक वाडे पाडून त्यांचे सागवान विकले गेले. वाड्याची आखणी गवंडी व सुतार सहसा जागेवरच दोरी धरून करीत. त्यामुळे पडलेल्या वाड्यांपैकी बहुतेकांचे नकाशेही मिळत नाहीत.