दिनविशेष : ३० मार्च
'छोटा भीम'चे खेळ बनवणारी कंपनी शेअर बाजारात (२०२१)

लाडू खाल्ला की अंगात बळ संचारणारा ढोलकपूरचा छोटा भीम पोगो वाहिनीवर २००८ साली अवतरला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचे राजीव चिलका हे त्याचे जनक. त्याला मोबाइल गेममध्ये आणणाऱ्यांत मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी ठळक. 'छोटा भीम स्पीड रेसिंग'मध्ये भीम आणि त्याचे सवंगडी गाड्या पळवतात. 'मोटू पतलू'चे गेमही याच कंपनीने काढले.

नितीश मित्तरसेन यांनी स्थापन केलेल्या या कंपनीच्या शेअरची नोंदणी ३० मार्च २०२१ रोजी झाली. १,१०१ रुपयांना दिलेला शेअर राष्ट्रीय शेअर बाजारात १,९९० रुपयांवर उघडला. मागणी उपलब्ध शेअरच्या सुमारे १७५ पट होती. प्रसिद्ध गुंतवणूकदार राकेश झुनझुनवालाही कंपनीचे भागधारक होते.

लहानग्यांच्या लाडक्या नायकाला गेममध्ये आणण्याची कल्पना जुनीच : अमेरिकेत १९७९ सालीच अटारी या व्हिडिओ गेम कंपनीने 'सुपरमॅन'चा गेम आणला होता. तिथे तो टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळला जाई. आपल्याकडच्या भीमाचे गेम मात्र घराघरांत पोहोचले ते आईबाबांच्या मोबाइलवरून.