माळवदापासून मेम्ब्रेनपर्यंत

‘गच्ची’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो आला कुठून हे विचारायचं राहून जातं. फारसीत ‘गच’ म्हणजे चुन्याचा गिलावा. ‘चुनेगच्ची’ या जुन्या मराठी शब्दात तो अजून ऐकू येतो. म्हणजे पाणी अडवणारा थर गच्चीच्या नावातच आहे. थर गेला, तर उरतं ते नुसतं नाव.

सपाट छप्पर मूळचं देशावरचं. सोलापूर, नगर, मराठवाड्यात माळवदाची घरं असत. तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस बेताचा, त्यामुळे ते चाले. पण तेही फुकट चालत नसे. मृगाआधी घरातली माणसं वर चढत, नवी माती पसरत, चोपत, पन्हाळी मोकळ्या करत. श्रीमंतांच्या वाड्यांवर मातीऐवजी चुना असे. त्यात गूळ, बेलफळाचा गर घालून तो दिवसचे दिवस थापीने बडवला जाई.

कोकणाने हा प्रयोग फारसा केला नाही. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे छप्पर उतरतंच हवं, हे इथल्या माणसाला ठाऊक होतं. आधी गवत, नळे. पुढे १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना निघाल्यावर मंगलोरी कौलं आली.

मग सिमेंट आलं आणि देशावरचं सपाट छप्पर घाट उतरून कोकणात मुक्कामाला आलं. सिडकोची स्थापना १९७० ची. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात उभारलेल्या वसाहतीत उतरती कौलारू छपरं ठेवली, पण नवी मुंबई वाढली ती स्लॅबवर. मी राहतो त्या उलव्यात २०१८ साली लोकल आली, २०२४ साली अटल सेतू आणि २०२५ च्या डिसेंबरात शेजारच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. खाली दुकानं, वर कार्यालयं किंवा घरं आणि माथ्यावर सपाट गच्ची, अशा इमारती रांगेने उभ्या आहेत.

या गच्च्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो तो ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून पाण्याला उतार द्यायचा. पद्धत चांगली, पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर साठ टन! गळती लागली की जुना न काढता त्यावर दुसरा घालायचा, ही आपली सवय. पाणी आत झिरपून सळया गंजतात, गंज फुगून काँक्रीट फोडतो, आणि अशा दुबळ्या स्लॅबवर आपण आणखी साठ टन ठेवतो. प्रश्न ओल्या भिंतीचा राहत नाही, खालच्या माणसांच्या जिवाचा होतो.

म्हणूनच एकपदरी मेम्ब्रेनचा विचार व्हायला हवा. दीड मिलिमीटरची ही चादर तेवढ्याच गच्चीवर सहाशे किलोच्या आसपास भरते. तिचे मुख्य प्रकार तीन. ईपीडीएम हे कृत्रिम रबर. १९७३ नंतर तेल आणि डांबर महागलं तेव्हा अमेरिकेत त्याचा प्रसार वाढला. ते ताणलं जातं, टिकतं. पण बहुधा काळं असल्याने ऊन शोषतं, आणि त्याचे सांधे गोंदाने किंवा पट्टीने चिकटवावे लागतात. पीव्हीसीचे सांधे गरम हवेने वितळवून एकजीव होतात, आणि हॉटेलच्या धुराड्यातला तेलकटपणा ते सोसतं. मात्र जुन्या डांबराला ते थेट टेकू द्यायचं नसतं, मध्ये वेगळा थर लागतो. टीपीओ सर्वांत धाकटं. पांढरं, ऊन परतवणारं, सांधे गरम हवेनेच जुळणारं. त्याचे सुरुवातीचे काही नमुने उन्हाने लवकर खराब झाले, तेव्हा माल कोणत्या प्रतीचा हे विचारूनच घ्यावं.

हलकेपणाची दुसरी बाजूही आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ धडकलं. असा वारा हलकी चादर कडेने उचलू पाहतो. म्हणून ती स्क्रूने, गोंदाने किंवा वजनाने नीट बांधलेली हवी. ज्या गच्चीवर वर्दळ आहे, टाक्या आणि यंत्रं आहेत, तिथे वर फरशीचं संरक्षणही हवं.

पण गच्ची गळते ती बहुधा चादरीच्या मधोमध नव्हे. ती गळते सांध्यात, कठड्याच्या मुळाशी, पाइप वर येतो तिथे. उतार नसेल तर महागातली चादरही तळं धरते. आणि वैतागून आपण शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड घालतो, म्हणजे कोकणाचं उतरतं छप्परच परत आणतो!

माळवदवाला गरीब होता, पण दर मृगाआधी वर चढत होता. आपण हमीचा कागद कपाटात ठेवतो आणि पाणी गळेपर्यंत गच्चीचं कुलूप उघडत नाही. चादर कोणतीही निवडा. मे महिन्यात एकदा वर जा, पन्हाळीतला पाला काढा, सांध्यांवरून हात फिरवा. छप्पर एकदाच विकत घेता येत नाही, ते दरवर्षी सांभाळावं लागतं.