कामाची हद्द कुठवर?

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार होता सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. या सभांतून निघालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या पुढे गाजल्या. त्याच अर्जातली आणखी एक मागणी मात्र मागे पडली. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, असे त्या अर्जात म्हटले होते.

त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. मुंबईच्या कामगाराला तशा कायद्यासाठी आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले.

तोवर हाताशी होता १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा. त्याचा उपयोग माणूस दगावल्यावरच, आणि तेव्हाही चूक मालकाची होती हे घरच्यांनी कोर्टात सिद्ध करायचे. वाचलेल्या जखमीलाही दिवाणी दावाच लावावा लागे. मालकाची तीन उत्तरे ठरलेली: कामगारच निष्काळजी होता, चूक सोबतच्या कामगाराची होती, धोका माहीत असूनच त्याने नोकरी धरली. छताजवळच्या दांड्यावरून यंत्रांपर्यंत पट्टे फिरत असताना एखाद्याची बाही त्यात ओढली गेली, तर दोष कुणाचा हे सांगणार कोण? साक्षीदारांनाही दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीत कामावर जायचे असे.

१ जुलै १९२४ पासून लागू झालेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा दोषाचा प्रश्नच बऱ्याच अंशी बाजूला सारला. अपघात काम चालू असताना आणि कामामुळे झाला का, एवढे पाहायचे. दारूच्या नशेत असलेल्याला किंवा यंत्राचे संरक्षक कुंपण मुद्दाम काढणाऱ्याला भरपाई नाकारता येई. अंगमेहनतीचे काम न करणारे, महिना तीनशे रुपयांहून अधिक पगाराचे लोक कायद्याबाहेर होते आणि दुखापतीचे पहिले दहा दिवस कोरडेच जात.

कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचे जणू दरपत्रक होते. कोपरापासून उजवा हात गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के घटली असे धरायचे. डावा गेला तर ६० टक्के. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार, कमाल साडेतीन हजार रुपये. महिना तीस रुपये मिळवणाऱ्याचे हे गणित १,२६० रुपयांवर जाई; म्हणजे अंगठ्याचे ३१५ आणि तर्जनीचे १२६ रुपये.

कामगाराच्या घरची परिस्थिती कायद्याला ठाऊक असावी, असे त्याची काही कलमे वाचताना वाटते. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातावर न टेकवता कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची. या रकमेवर सावकाराला जप्ती आणता येत नसे. हक्क सोडून दिल्याचा कागद लिहून घेतला तरी तो रद्दबातल. कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली, तर आधी मूळ मालकाने भरायचे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचे.

राज्य कामगार विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत आली आणि विमा उतरलेल्यांचे दावे त्या योजनेच्या महामंडळाकडे गेले. बाकीच्यांसाठी जुना कायदा राहिला, आणि त्यातला खरा वाद आता हद्दीचा होता. कामावर जाता-येता अपघात झाला तर?

पोरबंदरजवळ मिठागरातून परतणारे कामगार खाडीत होडी उलटून बुडाले. होडी सर्वांसाठी खुली होती, म्हणून १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची जबाबदारी मानली नाही. पाचच वर्षांनी मुंबईच्या प्रकरणात निकाल उलटा लागला. जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून बेस्टचा एक चालक सांताक्रूझच्या घरी बेस्टच्याच बसने निघाला होता. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो दगावला. गणवेशातल्या चालकांना बसप्रवास मोफत होता आणि शहरभर पसरलेली सेवा वेळेवर चालायला ही सोय लागतच होती. म्हणून तो प्रवास नोकरीचाच भाग, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले. त्याच्या पत्नीला भरपाई मिळाली.

२०१० पासून कायद्याच्या नावात ‘कामगारा’च्या जागी ‘कर्मचारी’ आला. हद्दीचा वाद मात्र चालूच राहिला. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीतच धरायचा, असे या निकालाने सांगितले. तो संबंध दाखवण्याचे काम मात्र प्रत्येक दाव्यात नव्याने करावे लागते.