कर्णा नसलेल्या पेटीची किंमत

१/ वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून चावीचा ग्रामोफोन खाली उतरतो, पुसला जातो आणि त्याचे छायाचित्र विक्रीसाठी ऑनलाइन झळकते. काळी, सुटकेससारखी पेटी, कर्णा नाही. शेजारच्या जाहिरातीत कोरीव लाकडी बैठक, लखलखीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचे चित्र. तिची किंमत कैक पट. मात्र या दोहोंपैकी खरा जुना ग्रामोफोन बहुधा पहिलाच असतो.

२/ हा उलटा न्याय एका चित्रामुळे घडला. फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने निपर नावाचा कुत्रा फोनोग्राफ ऐकताना रंगवला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र एका अटीवर घेतले : फोनोग्राफ पुसून त्या जागी कंपनीचे यंत्र रंगवायचे. चित्राचे ५० पौंड, हक्कांचे ५०. शंभर पौंडांत 'ग्रामोफोन म्हणजे कर्णा' हे समीकरण जगाच्या डोळ्यांत कायमचे बसले.

३/ प्रत्यक्षात कर्णा लवकरच आड गेला. १९०६ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने 'व्हिक्ट्रोला' आणला. त्यात कर्णा कपाटाच्या आत होता. पुढे हातात धरून नेण्याच्या पेट्या आल्या. त्यांतील एचएमव्हीचे '१०२' हे मॉडेल १९३१ चे. चावी दिली की स्प्रिंगवर चालणारी ही पेटी विजेवाचून वाजे. जिथे वीज पोहोचली नव्हती, अशा गावांतही बालगंधर्वांची नाट्यपदे ऐकता येत ती अशाच यंत्रांमुळे.

४/ तबकडीचेही नाते याच मातीशी. भारतातील पहिले मोठे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने केले. १९०८ पासून सियालदहच्या कारखान्यात तबकड्या निघू लागल्या. त्यांतला एक महत्त्वाचा घटक लाख. तिचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो, त्यांत विदर्भाला परिचित असा पळसही आहे.

५/ १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर आले, लाँगप्ले आल्या, चावीच्या पेट्या माळ्यावर गेल्या. अनेक भंगारात निघाल्या, आणि इथूनच नकली ग्रामोफोनची कथा सुरू होते.

६/ पर्यटकाला हवा होता चित्रातला कर्णा. बाजारात पडून होत्या कर्णा नसलेल्या पेट्या. मग पेटीतले चावीचे यंत्र आणि साउंडबॉक्स काढायचे, नव्या लाकडी बैठकीत बसवायचे, वर ताजा पितळी कर्णा, कुत्र्याचे चित्र डकवायचे. मुंबईच्या चोर बाजारासह अनेक ठिकाणी असा माल विकला गेला. पाश्चात्त्य संग्राहक त्याला तुच्छतेने 'क्रॅपोफोन' म्हणतात. म्हणजे महागड्या नकलेच्या पोटात धडधडणारे यंत्र पुष्कळदा स्वस्तात मोडलेल्या अस्सल पेटीचेच असते! एक नकली उभा करायला एक खरा नष्ट होतो.

७/ मग खऱ्या पेटीचे मोल कसे ठरवावे? जाहिरातीतील आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा. तसेच मॉडेल प्रत्यक्षात कितीला विकले गेले, तो भाव. त्यानंतर कान लावावा. नवी पोलादी सुई बसवून, पूर्ण चावी देऊन लाखेची तबकडी वाजवावी. शेवटपर्यंत वेग मंदावला नाही तर स्प्रिंग शाबूत. आवाज फाटत असेल तर साउंडबॉक्समधील रबर बहुधा कडक झाले आहे. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत उतरते. लाँगप्ले मात्र या यंत्रावर चढवू नये. जड साउंडबॉक्स तिच्या रेषा खरवडून टाकतो.

८/ '१०२' मध्ये काळा रंग सर्वाधिक आढळतो, म्हणून लाल किंवा निळी पेटी अधिक भाव खाते. मूळ आवरण फाटके असले तरी चालते. ते काढून नवे चकचकीत पॉलिश केलेली पेटी जाणकार कमी किमतीत मागतो. माळ्यावरून पेटी उतरवली की अनेक घरांत पहिले काम नेमके हेच होते.