सोनं वितळतं म्हैसुरात, पैसा पोचतो विट्याला

आजचा भाग म्हैसूरहून.

राजवाड्यापासून जवळच अशोक रोडची सराफी आहे. दक्षिणेतल्या बहुतेक सराफ बाजारांसारखी इथंही गलाईची मराठी दुकानं. "गाव कोणतं?" विचारलं, की उत्तर सांगली जिल्ह्याच्या एकाच पट्ट्यातलं येतं: विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. गलाई म्हणजे जुने दागिने मुशीत वितळवून शुद्ध सोनं वेगळं करणं. सोन्यात चांदी मिसळायची, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं.

ही माणसं गावाकडे किती पैसे पाठवतात, हे कशावर ठरतं? आपण सहज म्हणतो, कमाईवर. पण इतिहास पाहिला तर कमाई हे अनेक कारणांतलं एक आहे.

पहिलं कारण गावाकडचा पाऊस. हा सगळा पट्टा दुष्काळी. १९७२ च्या दुष्काळात शेतात दाणा नव्हता, तेव्हा परमुलखातल्या भट्टीवरचा पैसा म्हणजे घरातली ज्वारी होती. रॉबर्ट लुकास आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्स्वानाबद्दल असंच मांडलं: दुष्काळात ज्यांची गुरं धोक्यात, त्या घरांना बाहेर गेलेल्यांकडून जास्त पैसे आले. त्यात माया होती, तसंच घरची मालमत्ता वाचवण्याचा हिशोबही होता. आपल्याकडे गुरांच्या जागी जमीन ठेवा, गोष्ट तीच.

दुसरं कारण सरकारी कायदा. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली आणि देशभर सोनारकामावर अवलंबून असलेले हात रिकामे झाले. पुढे १९६८ चा कायदा आला. तो १९९० मध्ये रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते मधू दंडवते, कोकणातल्या राजापूरचे खासदार. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारा तो मुलूख! नंतर २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी. रोखीच्या आणि लग्नसराईच्या या धंद्याला प्रत्येक वेळी धक्का बसला. दिल्लीतला निर्णय असा आटपाडीच्या चुलीपर्यंत पोचतो.

तिसरं कारण पाठवण्याचा खर्च. भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० पासूनची. अलीकडच्या काळात तिचं कमिशन शंभराला पाच रुपये होतं. आज संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे, की २०३० पर्यंत परदेशातून घरी पैसे पाठवण्याचा खर्च तीन टक्क्यांखाली यावा. देशातल्या देशात आपण त्याहून जास्त मोजत होतो. म्हणून गावी निघालेल्या माणसाच्या हाती पैसे देणं सोयीचं पडे. आता मोबाइलवरून रक्कम क्षणात आणि फुकट जाते.

मग पैसा वाढायला हवा. इथे चौथं कारण आडवं येतं: कुटुंब कुठं आहे? बायको-मुलं गावी होती, तेव्हा पैसा महिन्याच्या महिन्याला जायचा. ती म्हैसुरात आली, मुलं कन्नड शिकली, की घरखर्च इथला होतो. गावी जातो तो म्हाताऱ्या आई-वडिलांपुरता, नाहीतर घर बांधायला, देवळाच्या जीर्णोद्धाराला, जत्रेला. म्हैसूरनं याचं टोकही पाहिलंय. १९०९ ते १९१२ इथले दिवाण असलेले टी. आनंदराव तंजावरी मराठी. भाषा मराठी, पण अशा घराण्यांची मुळं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेतच रुजलेली. महाराष्ट्रात पैसे पाठवायचे ते कुणाला?

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी या पट्ट्यात आणलंय. पूर्वी ज्वारीसाठी जाणारा पैसा द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत गुंतू शकतो. म्हणजे पाणी आलं म्हणून पैशाची वाट बंद होईलच असं नाही; त्याचं काम बदलेल. पण गावात वाट पाहणारं माणूस आणि कसायला जमीन, यातलं काहीच उरलं नाही, तर कितीही स्वस्त मोबाइल-सेवा असली तरी ती वाट मोडेल.

घरात मनीऑर्डरच्या जुन्या पावत्या असतील तर टाकू नका. रक्कम, तारीख आणि खालच्या दोन ओळींचा मजकूर, एवढ्यात एका घराचा इतिहास असतो. भेटू पुढच्या भागात.