कोशांतला शब्द आणि कानांतला शब्द

बीड जिल्ह्यांतील नेकनूर हें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यास इंग्रजी शब्द शाळेंत व कचेरींत सहज कानीं पडत. हैदराबाद संस्थानांत मात्र राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही शिक्षणाचें माध्यम उर्दूच असून इंग्रजी हा आवश्यक विषय होता. अशा मुलुखांत अपरिचित इंग्रजी शब्दाची पहिली भेट बहुधा छापील पानावरच व्हावयाची. तेथें कोश हाच गुरु.

मराठीस हा गुरु टप्प्याटप्प्यानें लाभला. मोल्सवर्थ यांनीं कँडी बंधूंच्या व शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. उलट दिशेचा इंग्रजी-मराठी कोश त्यांनीं आरंभिला आणि थॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं तडीस नेला. पुढें नीळकंठ बाबाजी रानडे यांचा विसाव्या शतकाचा इंग्रजी-मराठी कोश १९१६ पर्यंत पूर्ण झाला. त्यांत अर्थाबरोबर उच्चार व व्युत्पत्ति यांसही स्थान मिळालें.

उच्चाराची ही चिंता कां? इंग्रजींत लेखन एका वाटेनें जातें, जीभ दुसऱ्या. अन्नसामुग्री या अर्थाचा ‘व्हिटल्स’ हा शब्द फ्रेंचांतून आला, तेव्हां त्यांत ‘सी’ हें अक्षर नव्हतें. पुढें पंडितांनीं मूळ लॅटिन रूप स्मरून तें लेखनांत घातलें. परंतु लोकांच्या जिभेनें तें मानलें नाहीं. आरोप ठेवणें या अर्थाच्या ‘इंडाइट’ शब्दाची हीच कथा. ‘कर्नल’ शब्दाचीं तर ‘ल’ व ‘र’ अशीं दोन रूपें प्रचारांत होतीं. एक लेखनानें घेतलें, दुसरें मुखानें.

मराठी वाचकास याचें नवल वाटूं नये. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहावयास एकच, बोलावयास भिन्न. घरच्या भाषेंत हा भेद कान शिकवितो, म्हणून तो खुपत नाहीं.

ज्यांनीं इंग्रजी केवळ कानानें घेतलें, त्यांनीं ‘लॉर्ड’चा लाट केला, ‘ऑर्डर्ली’चा अर्दली केला. ते शब्द मराठींत नांदूं लागले. त्यांस कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. उलट ज्यानें केवळ डोळ्यांनीं शब्द घेतला, त्यास अर्थ अचूक ठाऊक असूनही चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच वाटे. पहिल्याची विद्या अपुरी असून तो बोले. दुसऱ्याची पुरी असून तो गप्प बसे. शब्दापुढें कंसांत छापलेला उच्चार हा कोशाचा अलंकार नव्हे. दूरच्या गांवीं एकट्यानें शिकणाऱ्यास त्यानें वाचा दिली.