बांधलेला दर की बदलता दर?

भारतातून नव्याने आलेल्या मंडळींना इथल्या ज्या गोष्टींचा अचंबा वाटतो, त्यांत वीज-गॅसचं बिल बरंच वर असतं. मीटर तोच, तारा त्याच, गॅसची नळीही तीच. मग कंपनी कोणती आणि दर ‘फिक्स्ड’ घ्यायचा की ‘व्हेरिएबल’, याचा दर वर्षी खल कशाला? आपल्याकडे एम.एस.ई.बी.चं बिल आलं की भरून टाकायचं, एवढंच ठाऊक. गंमत म्हणजे इथेही पन्नास वर्षं जवळजवळ तसंच होतं.

वीज १ एप्रिल १९४८ रोजी सरकारच्या ताब्यात आली, गॅस १ मे १९४९ रोजी. त्यानंतर आपल्या भागाचं बोर्ड सांगेल तो दर. मी १९७३ च्या अखेरीस लंडनला आलो, तेव्हा वीजटंचाईमुळे टीव्हीचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद होत होते. नव्या वर्षात तर कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. माझ्या खोलीत नाण्यांवर चालणारा गॅसचा मीटर होता. आमटीला उकळी फुटते न फुटते तोच ज्योत मिणमिणायची, की कोटाचे खिसे चाचपायचे! तिथे दराची निवड कसली?

निवडीचा पहिला प्रश्न घरात आणला तो १९७८ च्या ‘इकॉनॉमी सेव्हन’ने. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, पण दिवसा नेहमीपेक्षा थोडी महाग. रात्री विटा तापवून दिवसा ऊब देणारे हीटर ज्यांच्याकडे होते, त्यांना ते परवडलं. आपल्या सकाळ-संध्याकाळच्या स्वयंपाकाला मात्र त्याचा काय उपयोग? रात्री एक वाजता कुकरच्या शिट्ट्या कोण करणार!

पुढे १९८६ मध्ये गॅस खासगी झाला. त्या वेळी जाहिरातीतल्या ‘सिड’ने साऱ्या देशाला शेअर घ्यायला लावले. १९९० मध्ये विजेची पाळी आली. तरी घरगुती ग्राहकाला कंपनी बदलता येऊ लागली ती गॅससाठी १९९८ पर्यंत आणि विजेसाठी १९९९ पर्यंत, टप्प्याटप्प्याने. मग दारोदार विक्रेते फिरू लागले. २००२ मध्ये ऑफजेमने दरांवरचं उरलंसुरलं नियंत्रणही उठवलं. स्पर्धा आहे, आता ग्राहक आपलं हित आपणच पाहील, अशी समजूत होती.

ती फोल ठरली. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या २०१६ च्या अहवालात आढळलं, की सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक महागड्या बदलत्या दरावरच बसून होते. आपल्यातले पुष्कळ ज्येष्ठ त्यांत होते, कारण ‘जुनी कंपनी, विश्वासाची’ हा आपला खाक्या. त्या विश्वासाची किंमत मोजावी लागत होती, हे मला आजही संतापजनक वाटतं. अखेर जानेवारी २०१९ पासून बदलत्या दरावर कमाल मर्यादा आली: सरासरी घराला वर्षाला १,१३७ पौंड. ही मर्यादा एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नव्हे. जास्त जाळलं तर बिल जास्तच येणार. बांधलेल्या दराचंही तसंच.

नंतरची दोन वर्षं कोणी विसरणार नाही. २०२१ च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव भडकले आणि एकामागून एक छोट्या कंपन्या बुडाल्या. आमचीही त्यांत होती. ऑफजेमने आम्हाला दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं, खात्यातली शिल्लकही वाचली. पण बांधून घेतलेला स्वस्त दर मात्र गेला. दर बांधला तरी बांधणारा टिकला पाहिजे!

मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती, ती एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली आणि ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झाली. त्या ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीच्या एका काकूंनी फोन केला. एकट्याच राहतात, पेन्शनवर भागवतात. “अहो भाऊ, आता दर बांधून टाकू का? पुढे आणखी वाढले तर?” मी म्हटलं, “काकू, सप्टेंबरात नवे पंतप्रधान येताहेत, थोडं थांबा.” त्या थांबल्या, पण तोवर स्वयंपाकघर सोडून बाकीचे हीटर बंद ठेवायचे, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पुढे सरकारने सरासरी बिल २,५०० च्या आसपास रोखलं, बांधलेल्या दरांनाही सूट दिली. जुलै २०२३ मध्ये मर्यादा २,०७४ वर उतरली.

म्हणून माझ्या मते बांधलेला दर हा विमा समजून घ्यावा. महिन्याचं गणित जिथे काटेकोर आहे, तिथे तो थोडा महाग पडला तरी झोप शांत लागते. हाताशी चार पैसे असतील, तर दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या मर्यादेबरोबर जायला हरकत नाही. फक्त मध्येच सोडण्याचा दंड किती, हे सही करण्यापूर्वी विचारा. आणि मुदत संपायला ४९ दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील, तर तो दंड कंपनीला घेता येत नाही. ही तारीख कालनिर्णयवर आताच लिहून ठेवा.